तरवडाचा आडोसा

चांगुणामाय सकाळी घरातून निघायची तेव्हा तिच्या डोक्यावर राखेची पाटी असायची, काखेत परडी आणि हातात काठी. परडी फुलांसाठी. राख घाणीवर टाकायला. काठी माणसं उठवायला.

आमचं गाव आष्टीपासून सहा किलोमीटर आत आहे. शाळेच्या मागून ओढ्याकडं एक वाट जाते. वाटेच्या कडेला गायरानाचा मुरमाड पट्टा आहे. त्या पट्ट्यावर तरवडाची झुडपं होती, माणसाच्या डोक्याइतकी उंच, एकाला एक खेटून. श्रावणापासून ती पिवळी व्हायला लागत आणि दिवाळीच्या पुढंपर्यंत पिवळीच असत. नवरात्रात गावच्या देवीच्या घटाला नऊ दिवस नऊ माळा लागतात. आमच्या गावात त्या तरवडाच्या फुलांच्याच असतात. दुसरं फूल चालत नाही.

त्याच झुडपांच्या बुडाशी गावातले पुरुष रोज सकाळी टमरेल घेऊन बसत.

या दोन्ही गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. एका दमात त्या कुणी बोलत नव्हतं.

मी जालन्याला मराठी घेऊन एम.ए. केलं आणि नोकरी मिळेना म्हणून घरी परतले. त्या वर्षी नवरात्रात आईनं मला चांगुणामायच्या हाताखाली फुलं तोडायला पाठवलं. ती पुढं, मी मागं. तिसऱ्या झुडपाशी माझा पाय घसरला. कशावरून घसरला ते खाली बघितल्यावर कळलं. मी तिथंच ओकले.

चांगुणामायनं मला धरलं नाही. तिनं माझ्या ओकारीवर मूठभर राख टाकली, चपलेवर मूठभर टाकली आणि म्हणाली, "आता वर बघ. खाली माणसाचं हाये, वर देवीचं हाये. आपण वरच बघायचं."

मी वर बघितलं. फुलं होती. मोठे काळे भुंगे त्यांत शिरून गुरगुरत होते. मला फुलांचीसुद्धा किळस आली.

"उपाशी हायेस का?" तिनं विचारलं.

"नाही. चहा घेतला."

"मंग तोडू नको. परडी धर."

आमची मैत्री अशी सुरू झाली. ती सत्तरीला टेकलेली, मी तेवीस वर्षांची. माझ्या वर्गातल्या कुणाशीही माझं इतकं जमलं नव्हतं.

तिचं माहेर अंबडकडचं. सासर आमच्या गावातलं धनगराचं घर. लग्न होऊन आली तेव्हा दारात शंभरावर मेंढरं होती. माळेचा मान तिच्या सासूकडं होता. मान म्हणजे काय, तर नऊ दिवस उपाशीपोटी फुलं तोडायची, ओवायची आणि घटावर बांधायची. त्या घराशिवाय दुसऱ्या कुणी बांधायची नाही. तेव्हा तरवड रानोमाळ होता. मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत, शेळ्याही लावत नाहीत. तो राखावा लागत नव्हता.

मग बरडं सपाट झाली. बांधांवर तणनाशक आलं. मेंढरं गेली, नवरा कचरू गेला, पोरगा पुण्याकडं गेला. सासू गेली त्या वर्षी मान चांगुणामायकडं आला आणि माळेसाठी तिला चार गावं हिंडावं लागलं. पाचव्या दिवशीच्या माळेत अकराच फुलं होती. बायका तिच्याकडं बघून कुजबुजल्या. ती ते विसरली नाही. दिवाळीनंतर तिनं पातळ चपट्या तपकिरी शेंगा गोळा केल्या आणि फडक्यात बांधून आढ्याला टांगल्या.

तरवडाचं रोप एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावलं तर जगत नाही. त्याचं मूळ सरळ खाली जातं. ते तुटलं की बाळरोप मान टाकतं. म्हणून बी जागेवरच लावायचं. बियांची साल फार कठीण. चांगुणामाय पाणी उकळायची, जरा निवू द्यायची आणि त्यात बी रात्रभर ठेवायची. सकाळी जे फुगलं ते लावायचं. जे फुगलं नाही ते पुन्हा भिजवायचं. पहारीनं मुरमात हातभर भोक, त्यात काळी माती, तीन बिया. पहिले दोन उन्हाळे कळशीनं पाणी. तिसऱ्या वर्षी फूल. त्यानंतर झाड काही मागत नाही.

पानांवर हिरव्या अळ्या यायच्या. मी वेचायला गेले तर म्हणायची, "खाऊ दे. पानं खातेत. फुलाला हात लावत न्हाईत. माणसापरीस बऱ्या."

एक नेम मात्र कडक होता. मानाच्या झाडाला लोखंड लावायचं नाही. वाळकी फांदी हातानं मोडायची. विळा नाही, कोयता नाही. नेम सासूचा होता. सासूला तो कुणी घालून दिला, हे तिला माहीत नव्हतं.

झाडं गायरानावर लावली, कारण स्वतःची जमीन उरलीच नव्हती. साठेक झाडं तिनं अशी वाढवली. एकोणीस वर्षांत ती डोक्याइतकी झाली. आडोसा झाला. आडोसा बघून पुरुष आले.

गावात संडास नाहीत असं नाही. घरोघरी आहेत. सरकारी पैशातून बांधलेले, पांढरा रंग दिलेले, दारावर नंबर टाकलेले. कुणाच्यात गोवऱ्या आहेत. कुणाच्यात कांदा. आमच्यात सोयाबीनच्या बियाण्याची पोती होती. मी महिनाभर भांडून ती बाहेर काढायला लावली. आई आणि मी तो वापरू लागलो. बाबा नाही.

माझे वडील अप्पाराव ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. अंगावर पांढरे कपडे, खिशाला पेन. मी त्यांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "बंद खोलीत मला उतरत न्हाई. मोकळ्या हवेची सवय हाये."

मला त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडं बघवेना.

चांगुणामायला मात्र लाज नव्हती, आणि झुडपांत बसणाऱ्यांनाही नव्हती. बायका बाहेर बसलेल्या असल्या आणि कुणी आलं तर त्या उभ्या राहतात. म्हाताऱ्याही गुडघ्याला हात देऊन उठतात. पुरुष उठत नाहीत. ते तोंड दुसरीकडं फिरवतात आणि आपण दिसत नाही असं समजतात. चांगुणामाय वाटेवरूनच काठी आपटायची आणि नावानिशी सुरू व्हायची.

"कोण, सुग्रीव का? काल बी तिथंच आल्तास. जागा नावावर करून घेतली का रं?"

झुडपातून आवाज यायचा, "चांगुणामाय, पाचच मिनटं."

"पाच मिनटात शेळी वितेय. ऊठ."

"लोकं ऐकून राह्यले, माय."

"ऐकू दे. तुला बसायची लाज न्हाई, मला बोलायची कामून असावी? अन् राधाकिसन, तू मोबाईल बंद कर. झाडात गाणी वाजून राह्यली. देवीला वाटंल वरात आली."

त्यावर तीन-चार झुडपांतून हसू यायचं. तेच मला सहन व्हायचं नाही. कुणी चिडत नव्हतं. कुणी उद्या यायचं थांबत नव्हतं. सगळे हसत, धोतर-पँट सावरत उठत आणि वाटेनं जाताना तिला "राम राम, माय" म्हणत. ती पाटीतली राख टाकत पुढं जायची. राख तिला सगळ्या गावातून मागून आणावी लागे. आता चुली कमी झाल्या होत्या.

एकदा मी विचारलं, "माय, तुला घाण वाटत नाही?"

ती म्हणाली, "वाटती की. रोज वाटती. जेवताना हाताचा वास घेती मी. कामून न्हाई वाटणार?" मग थोडं चालून म्हणाली, "त्यांला वाटत न्हाई. ती खरी घाण हाये."

तिच्या घरी एकटीसाठी संडास होता. पत्र्याचं दार, आत स्वच्छ, कोपऱ्यात पाण्याची बादली. योजना गावात आली तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. ज्या झाडाची माळ करायची त्याच्या बुडाशी आपण बसायचं नाही, एवढंच तिचं कारण होतं.

गेल्या वर्षी भाद्रपदात ती माझ्याकडं आली आणि ओसरीवर बसली. बाबा घरी नाहीत हे तिनं आधी बघून घेतलं.

"तू शिकलेली हायेस. एक अर्ज लिहून दे. पंचायतीला."

"काय लिहायचं?"

"लिही की लोकं झाडात बसतेत. माळेच्या झाडात. त्यांचा बंदोबस्त करा. मी बोलून बोलून थकले. कागद बोलंल."

मी दोन दिवस घेतले. चांगलं मराठी लिहायची संधी बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. मी लिहिलं की शाळेमागच्या गायरानातील तरवडाच्या झुडपांच्या आडोशाचा ग्रामस्थांकडून शौचासाठी वापर होत आहे. लिहिलं की त्यामुळं लहान मुलांच्या आरोग्यास धोका असून देवीच्या मानाच्या फुलांचं पावित्र्य भंग पावत आहे. तरी या प्रकाराचा तातडीनं आणि कायमचा बंदोबस्त व्हावा. चांगुणामायनं अंगठा दिला. मी तिला अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, "ब्येस हाये. आवाज हाये त्याला."

मलाही तसंच वाटलं. हे मी लपवत नाही.

सरपंच सोमेश्वरनं अर्ज घेतला. वय पस्तीस, गोड बोलणारा. माझ्यासमोर शिक्का मारला. "आकांक्षाताई, तुम्ही लिहिलंय म्हणल्यावर बघावंच लागंल. बिलकुल काळजी करू नका."

घटस्थापना रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी अकराच्या सुमाराला शाळेमागून जेसीबीचा आवाज आला.

मी पोहोचले तेव्हा एक बाजू संपली होती. जेसीबीचा दात झुडपाच्या बुडात जायचा आणि झुडूप फुलांसकट वर यायचं. त्याच्याबरोबर माती यायची. मातीबरोबर एकोणीस वर्षांचं सगळं वर येत होतं. उन्हात तो वास पसरला तसे बघायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून मागं सरकले. त्यांत सुग्रीव होता, राधाकिसन होता. सुग्रीव थुंकला आणि म्हणाला, "काय घाण करून ठेवली लोकांनी."

लोकांनी. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. तो चेष्टा करत नव्हता.

चांगुणामाय जेसीबीच्या समोर परडी घेऊन उभी होती. ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्यानं तोंड बांधलं होतं.

"भाऊ, थांब जरा. रविवारी घट हाये. फुलं तरी काढून घेऊ दे."

"मावशी, बाजूला व्हा. अंगावर उडंल."

"कुणी सांगितलं तुला?"

"पंचायतीनं. व्हा बाजूला."

ती झाली नाही. आणि उडालं. तिच्या लुगड्यावर, परडीत. ड्रायव्हरला वाईट वाटलं असावं. त्यानं क्षणभर मशीन थांबवलं, रुमालाआडून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा सुरू केलं. दुपारपर्यंत पट्टा मोकळा झाला. झुडपं, माती आणि बाकीचं, सगळ्याचा एक ढीग करून ओढ्याच्या काठावर लोटला. त्यावर फुलं तशीच पिवळी होती. भुंगे त्या ढिगावर आले होते.

मी तशीच पंचायतीत गेले. सोमेश्वर बसला होता. शेजारी बाबा होते. कुणीतरी चहा सांगितला होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. सोमेश्वरनं शांतपणे फाईल उघडली आणि माझा अर्ज माझ्यापुढं सरकवला.

"ताई, तुमचंच अक्षर हाये. आडोशाचा वापर होतो म्हणून तुम्हीच लिहिलं. आडोसा काढला. कायमचा बंदोबस्त म्हणलं तुम्ही. केला."

"माणसांचा बंदोबस्त मागितला होता."

"माणसांचा कसा करायचा? सगळी आपलीच हायेत." तो हसला. "अन् उद्या तपासणी पथक येऊन राह्यलंय. हागणदारीमुक्तीची फेरतपासणी हाये. तुमचा अर्ज बराबर वेळेवर आला बघा. ठरावाला कारण पाहिजे होतं."

ठरावावर सूचक म्हणून बाबांची सही होती. खिशाच्या त्याच पेनानं केलेली. मी त्यांच्याकडं बघितलं.

"चहा घे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. दोन साहेब आणि एक मॅडम. मोकळ्या मुरमावर सकाळीच चुन्याच्या रेघा मारल्या होत्या आणि एक फलक रोवला होता. पथकानं फलकाशेजारी उभं राहून फोटो काढले. पुरुष त्या सकाळी कुठं गेले होते ते मला माहीत नव्हतं. ते नंतर कळलं.

जेवण सोमेश्वरकडं होतं. जेवण झाल्यावर मॅडमनी हळूच सोमेश्वरच्या बायकोला, बेबीनंदाला, संडास कुठं आहे विचारलं. सोमेश्वरच्याच संडासात कांदा भरला होता. शेजारी नेलं तर तिथं गोवऱ्या. तिसऱ्या घरात दार उघडलं तर आत भांडंच बसवलेलं नव्हतं, नुसती फरशी होती आणि तिच्यावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. बेबीनंदा घामाघूम झाली. शेवटी ती मॅडमना गल्लीच्या टोकाला चांगुणामायच्या घरी घेऊन आली.

मी तिथंच होते. चांगुणामायनं बादली भरून दिली, साबण दिला, अंग पुसायचा धुतलेला पंचा दिला. मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"किती स्वच्छ ठेवलंय, आजी. गावात सगळ्यांनी असंच ठेवलं पाहिजे."

चांगुणामाय म्हणाली, "तुम्ही आत्ता तीन घरं बघून आल्या न्हाई का?"

मॅडमनी बेबीनंदाकडं बघितलं. मग घड्याळाकडं. "बघते मी," म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी सोमेश्वरनं गावाच्या ग्रुपवर टाकलं की गाव पास झालं. खाली हात जोडलेली चित्रं आली. बाबांनी फूल टाकलं. पिवळं.

त्या रात्री मी जेवले नाही.

रविवारी सकाळी देवळासमोर गाव जमलं. घटाची माती पत्रावळीवर पसरली होती, धान्य पेरलं होतं, वर मडकं ठेवलं होतं. माळेची वाट होती. चांगुणामाय आली तेव्हा तिच्या हातात फक्त दोरा होता. पांढरा, नेहमीच्या माळेइतका लांब.

बाबा पुढं झाले. "चांगुणामाय, फुलं?"

"फुलं कुठं गेली ते तुम्हाला ठाऊक हाये, अप्पाराव."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणी म्हणालं आष्टीहून झेंडू आणू. म्हाताऱ्यांनी नकार दिला. झेंडू चालत नाही. तेवढ्यात राधाकिसन गर्दीतून पुढं आला. त्याच्या हातात प्लास्टिकची बुट्टी होती. बुट्टीत तरवडाची फुलं होती. ओली.

"हे घ्या," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "ओढ्यावरच्या ढिगात अजून उमलून राह्यली होती. नळाखाली दोनदा धुतली. काही होत न्हाई."

मला वाटलं कुणीतरी त्याला हाकलेल. कुणी हाकललं नाही. उलट लोकांचा जीव भांड्यात पडला. बाबा म्हणाले, "ब्येस केलंस. घ्या, माय, ओवा जल्दी. मुहूर्त चाललाय."

चांगुणामायनं बुट्टी घेतली. खाली ठेवली. त्यातलं एक फूल दोन बोटांत धरून राधाकिसनच्या नाकाजवळ नेलं.

"हुंग."

राधाकिसननं मान मागं घेतली.

"हुंग की. दोनदा धुतलंस ना?"

"माय, हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई."

"बरं." तिनं ते फूल बाजूला टाकलं. दुसरं उचललं. "सुग्रीव, तू?"

"मी कसा हुंगू? राधाकिसन म्हणला ते खरं हाये. देवाच्या आधी वास घेऊ नये."

"अप्पाराव?"

बाबांनी हात मागं बांधले. "शास्त्राला धरून राहू द्या, माय. आत्ता वाद नको."

ती सगळ्यांसमोरून गेली. एकेकाच्या नाकासमोर फूल धरत. एकेक जण शास्त्र सांगत होता. इतका धर्म मी गावात कधी ऐकला नव्हता. आणि सांगताना प्रत्येकानं श्वास रोखला होता. मला ते दिसत होतं. गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"मंग असं करू," ती शेवटी म्हणाली. "मी माळ वाहते. संध्याकाळी उतरवते. देवीचं झाल्यावर तर हुंगता येतंय ना? परसाद म्हणून. सगळ्यांनी एकेक फूल घ्यायचं, डोळ्याला लावायचं, हुंगायचं. बोला. ओवू?"

राधाकिसन एक पाऊल मागं सरला.

तिनं बुट्टी उचलली आणि राधाकिसनच्या हातात परत दिली. मग घटापाशी गेली आणि कोरा दोरा बांधला. नीट, दोन्ही टोकांना, रोज माळ बांधायची तसा.

नऊ दिवस तिनं नऊ दोरे बांधले. पहिले दोन दिवस गावात कुरबुर झाली. अपशकुन आहे म्हणाले. दुसऱ्या कुणी माळ बांधायची तर मान मोडतो, आणि मान मोडायला कुणाची छाती झाली नाही. पाचव्या दिवसापासून कुरबुर थांबली. लोक यायचे, दोऱ्याला हात जोडायचे, कपाळाला बोट लावून जायचे. त्यांना दोरा चालला. त्यांना काहीही चालतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि देवळात वास येत होता. पुरुष आता देवळाच्या मागं बसत होते. तिथं पत्र्याची भिंत आहे, चांगला आडोसा आहे. घटापासून वीस पावलं. उदबत्त्या दुप्पट लावल्या जात होत्या.

मी त्या दिवसांत चांगुणामायला सामोरी जात नव्हते. अर्ज माझा होता. दसरा झाल्यावर तीच आली. ओसरीवर बसली.

"कामून येत न्हाईस?"

"मीच घात केला, माय."

"तू लिहिलं. अंगठा माझा हाये." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुढच्या खेपी अर्ज लिहिताना चुका कर. चांगलं लिहिलं की त्यांला समजतंय."

मी हसले नाही. ती हसली. तेवढंच.

उन्हाळा गेला. यंदा जूनमध्ये दोन पाऊस झाल्यावर ती मला मुरमाच्या पट्ट्यावर घेऊन गेली. चुन्याच्या रेघा धुऊन गेल्या होत्या. फलक वाकला होता. मुरमातून जागोजागी फुटवे आले होते. जेसीबीनं झुडपं उपसली होती, पण खोल गेलेली मुळं खाली तुटून राहिली होती. कोवळं असताना मूळ तुटलं तर तरवड मरतो. थोरला झाल्यावर मरत नाही. चांगुणामायनं मोजले नाहीत. मी मोजले. एकवीस.

श्रावणात ते कमरेइतके झाले. एका सकाळी आम्ही गेलो तर सुग्रीव तिथं उभा होता. हातात टमरेल. बसलेला नव्हता. झुडपांकडं बघत होता, डोकं जरा तिरकं करून. शेतकरी पिकाकडं बघतो तसा.

"काय बघतो रं?" चांगुणामाय म्हणाली.

"काही न्हाई, माय. ब्येस फुटलेत." मग अगदी मनापासून म्हणाला, "अजून एक पाऊस पाहिजे. मंग आडोसा व्हईल. देवळामागं लई गर्दी होती."

त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. तो आनंदात होता.

चांगुणामाय घरी गेली. परत आली तेव्हा हातात विळा होता.

मी म्हटलं, "माय, नेम."

"लोखंड लागलंच हाये त्याला." ती पहिल्या झाडाशी खाली बसली. विळा फांदीला लावला आणि थांबली. बराच वेळ थांबली. ओठ हलत होते. सासूशी बोलत असावी. मग कापलं. गुडघ्याच्या वर जे होतं ते सगळं. मग दुसरं झाड. मग तिसरं. एकविसावं झाल्यावर तिनं विळा मातीत खुपसला आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

"असं कापलं की बाजूनं फुटतंय," ती म्हणाली. "मेंढरं वरून खातेत ती बाभळ बघितली का? ठेंगणी राहती, पण दाट. फूल येतंय. माणूस झाकत न्हाई."

तिच्या झाडांना एकोणीस वर्षं लोखंड लागलं नव्हतं. आता ती महिन्यातून एकदा विळा घेऊन जाते. सुग्रीव वाटेवरून बघतो आणि मान हलवतो. "कामून कापता, माय? चांगली वाढत होती," म्हणतो. त्याला खरंच कळत नाही.

यंदा घटाला माळ लागली. ठेंगण्या झुडपांची फुलं थोडी लहान होती, माळ वीतभर आखूड. बाबांनी हात जोडले, डोळे मिटले. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. देवळामागचा वास तसाच होता. त्याबद्दल कुणाचा अर्ज नाही.

पहिल्या माळेच्या सकाळी मी चांगुणामायबरोबर गेले होते. राखेची पाटी नव्हती. लागत नव्हती. मुरूम स्वच्छ होता. पण फुलं आता गुडघ्याशी होती आणि तिला प्रत्येक फुलासाठी वाकावं लागत होतं. चौथ्या झाडाशी तिनं कमरेला हात लावला आणि तशीच वाकलेली राहिली.

"राहू दे, माय. मी तोडते."

तिनं वाकूनच मान माझ्याकडं वळवली.

"उपाशी हायेस का?"

"हो."

"चहा?"

"नाही घेतला."

तिनं परडी माझ्याकडं दिली नाही. ती जमिनीवर दोघींच्या मधे ठेवली आणि पुढच्या झाडाकडं बोट केलं.